कलम तेरा आणि घरची माणसं

आमच्या गटात दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याचं वाचन सुरू झालं, तेव्हा पहिली तक्रार आली ती एका आईविरुद्ध. कलेक्टर कचेरीविरुद्ध नाही, एसटीच्या कंडक्टरविरुद्ध नाही, दाखल्यासाठी चकरा मारायला लावणाऱ्यांविरुद्धही नाही. तक्रार करणारा अठ्ठावीस वर्षांचा, धुळ्यातलाच, एका दुकानात झेरॉक्स मशीन सांभाळणारा. दुकानदार पगार देतो तो आईच्या हातात. "काम मी करस, पैसा तिना हातमा काब्र?" काब्र म्हणजे का. एवढंच त्याचं म्हणणं. आई मागच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली होती.

हा गट रविवारी एका शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गात जमतो. तळमजला अशासाठी की दोघं व्हीलचेअरवर येतात आणि माझ्याही डाव्या पायात चालायला आधार देणारं कॅलिपर आहे. बाकीच्यांपैकी कुणाला डाउन सिंड्रोम, कुणी स्वमग्न, कुणाला सेरेब्रल पाल्सी, बरेचसे सरकारी कागदावर 'बौद्धिक दिव्यांग'. सगळे अठराच्या पुढचे. त्यांना सेल्फ अ‍ॅडव्होकेट म्हणतात, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने बोलायच्या ऐवजी आपलं आपण बोलणारे. मी कोर्टात टायपिस्ट होते, निवृत्त झाले. कलमं, पोटकलमं, परंतुकं टाइप करण्यात आयुष्य गेलं, म्हणून मला बोलावणं आलं. मला सगळे मावशी म्हणतात. त्यांची नावं इथे लिहीत नाही. ती ज्याची त्याने लिहायची.

वाचतो तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर १ ऑक्टोबर २००७ ला शिक्कामोर्तब केलं होतं, त्याला अनुसरून जुना १९९५ चा कायदा बदलायला एवढा वेळ गेला. जुन्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. नोकऱ्यांतलं आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर गेलं. हे सगळं लोकांना ठाऊक असतं, कारण दिव्यांगांच्या मेळाव्यात भाषणं होतात ती टक्क्यांचीच. सवलत, पास, पेन्शन, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी. ते मिळायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण या वर्गात टक्क्यांचं पान आलं की पोरं जांभया देतात. डोळे उघडतात ते कलम तेराला.

त्या कलमाचं आम्ही कार्ड केलं आहे. जाड कार्डशीट, मोठी अक्षरं, एका ओळीत एकच गोष्ट, बाजूला चित्र. त्यावर लिहिलंय:

माझे पैसे माझे आहेत.
जमीन, घर माझ्या नावावर होऊ शकतं.
मी बँकेत खातं उघडू शकतो, कर्ज मागू शकतो.
मला मदत लागली तर मी मदत घेईन.
मदत करणारा माझ्यावर दबाव टाकणार नाही.
मदत करणारा मी बदलू शकतो.

शेवटची ओळ वाचली की वर्गात हमखास खुसखुस होते. मूळ कलमात तेच आहे: दिव्यांग व्यक्तीला आपल्यासाठी केलेली आधाराची व्यवस्था बदलता येते, मोडता येते, दुसऱ्याचा आधार मागता येतो. आणि पैशाच्या एखाद्या व्यवहारात मदत करणाऱ्याचाच स्वार्थ आड येत असेल, तर त्या व्यवहारात त्याने मदत करायची नाही. कायद्याच्या कोरड्या भाषेत हे वाचताना काही वाटत नाही. वीस वर्षं आईचं बोट धरून हिंडलेला पोरगा ते मोठ्याने वाचतो आणि आई मागच्या बाकावर असते, तेव्हा वर्गातली हवा बदलते.

झेरॉक्सवाल्याच्या आईने वर्ग सुटल्यावर मला जिन्यापाशी गाठलं. रागावली नव्हती. म्हणाली, "एक सालले त्यानाच हातमा देल व्हता पगार. चौकातल्या पोरांनी दोन दिसमा पार्टी करी टाकी. मंग मी काय करू, मावशी?" हा प्रश्न खोटा नाही. दिव्यांग मुलांचे आईबाप म्हणजे जुलमी, असं चित्र रंगवणारी भाषणं मी ऐकली आहेत आणि मला ती पटत नाहीत. ज्या बाईने शेजारणींची बोलणी खाऊन, जत्रेत, लग्नात, कानबाईच्या रोटांच्या सणाला पोराला सोबत नेलं, कुणी हसलं तर भांडली, तिला अचानक एक कार्डशीट दाखवून 'तू बाजूला हो' म्हणणं सोपं नाही. कायद्यालाही ते म्हणायचं नाही. तो म्हणतो बाजूला बस, पुढे बसू नको.

तोडगा निघाला तो असा: पगार त्याच्या खात्यात, एटीएम कार्ड त्याच्या खिशात, महिनाअखेरीला पासबुक दोघांनी मिळून बघायचं. पहिल्या महिन्यात त्याने गॉगल घेतला. आई पुढच्या रविवारी तो गॉगल पुरावा म्हणून घेऊन आली. मी विचारलं, तुमच्या थोरल्याने पहिल्या पगारात काय आणलं होतं? ती जरा थांबली आणि हसायला लागली. थोरल्याने बूट आणले होते, तेही चावणारे. थोरल्याला चुकायची मुभा होती. धाकट्याची एक पार्टी आठ वर्षं पुरली.

मी स्वतः जुन्या कायद्याच्या काळातली. १९९५ चा कायदा पोलिओवाले, अंध, कर्णबधिर यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला. नोकरीतलं तीन टक्के आरक्षणही याच तीन गटांना. बुद्धीचं दिव्यांगत्व असलेल्यांना त्यात वाटा नव्हता, तो २०१६ मध्ये आला. बोलायला बरं नाही, पण आमच्यातही उतरंड आहे. पाय अधू असलेला माणूस चटकन सांगतो, "पण माझं डोकं शाबूत आहे हां." मीही ते वाक्य कितीदा ऐकलं आहे, आणि ज्यांच्यासमोर ते उच्चारलं जातं त्यांचे चेहरेही पाहिले आहेत. भारत पोलिओमुक्त झाल्याचं २०१४ मध्ये जाहीर झालं. आम्हा पोलिओवाल्यांची जात आता म्हातारी होत चालली. उद्याच्या मेळाव्यातल्या पुढच्या खुर्च्या या पोरांच्या आहेत, आणि त्यांना त्या कुणी रिकाम्या करून द्यायला तयार नाही.

हा अधिकार कागदावर किती गुंतागुंतीचा आहे, तेही सांगायला हवं. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता, या चार प्रकारांसाठी. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते आणि ती सज्ञान माणसालाही पालक नेमून देते. आईबाप त्यासाठीच धडपडतात, कारण त्यांच्या पोटात एकच गोळा आहे: आमच्यामागे काय? आणि दुसरीकडे २०१६ च्या कायद्याचं कलम चौदा म्हणतं, पालकत्व मर्यादित. ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, दोघांनी मिळून, परस्परांच्या विश्वासाने आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे. दोन्ही कायदे जिवंत आहेत. एक आईबापांची भीती ऐकून लिहिलेला, दुसरा पोरांचं म्हणणं ऐकून लिहिलेला. आणि खिडकीपलीकडच्या माणसाला पहिलाच सोयीचा, कारण एक पालक, एक सही, विषय संपला.

बँकेत याची प्रचिती येते. काउंटरवरचा माणूस पालकत्वाचा दाखला मागतो. १८७२ च्या करार कायद्यात 'सुबुद्ध' माणसाची अट आहे, तीच ढाल पुढे केली जाते. पण ते कलम काय विचारतं? करार करतेवेळी माणसाला तो समजतो का आणि त्यातलं आपलं हित त्याला जोखता येतं का. दाखल्यावरचे टक्के विचारत नाही. आमच्यातल्या एकाला खातं उघडायचं होतं. सोबत बहीण. साहेब सगळे प्रश्न तिलाच विचारत होते: याला सही येते का, याला कळतं का, हा पैसे काढायला एकटा येईल का. त्याने टेबलावर हात ठेवला आणि म्हणाला, "तिले काब्र इचारी राह्यनात? माले इचारा ना." साहेबांनी विचारलं, "बरं, शंभरातून साठ काढले तर किती उरतील?" तो म्हणाला, "पासबुकात लिहून येतं ते." खातं उघडलं. मशीन नसतं तर त्या साहेबांची शिल्लक तरी तोंडपाठ असती का, हा प्रश्न मला अजून पडतो.

जमिनीची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

शिंदखेडा तालुक्यातलं कुटुंब. कोरडवाहू कापूस, थोडी बाजरी. वडील वारले, वारस म्हणून आई, दोन मोठे भाऊ, एक बहीण आणि हा धाकटा यांची नावं सातबाऱ्यावर लागली. आपल्याकडे पुढचा टप्पा ठरलेला असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके होतात, सांजोऱ्या होतात, आणि परत जाताना बहिणीच्या हातात साडी व समोर हक्कसोडपत्र. ती सही करते, कारण न करणारीला माहेर तुटतं. इथे भावांनी ठरवलं, बहिणीबरोबर धाकट्याचंही उरकून घेऊ. त्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं. त्याला नाव लिहिता येतं, तरी अंगठ्याची शाई पुढे सरकवली. अंगठ्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

तो म्हणाला, "पहिले वाची दखाडा, मंग सही करसू."

हे वाक्य आम्ही वर्गात किती वेळा घोकलं असेल! कागद कुठलाही असो, वाचून दाखवा म्हणायचं. समजला नाही तर पुन्हा म्हणायचं. तरीही समजला नाही तर 'आज नाही' म्हणायचं. कचेरीत मात्र ते म्हणायला जो जोर लागतो तो घोकून येत नाही. लेखनिकाने नाइलाजाने वाचायला घेतलं. 'स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, कोणताही मोबदला न घेता' इथपर्यंत आल्यावर त्याने विचारलं, "मोबदला म्हंजे?" "पैसे." "मंग मना हिस्साना पैसा कोठे?" भाऊ उठले आणि बाहेर गेले. दस्त झाला नाही.

या देशात अपंगत्वामुळे वारसा नाकारायची रीत जुन्या हिंदू कायद्यात होती. ती मोडायला १९२८ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि पुढे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ ने आजार, व्यंग किंवा विद्रूपता यांपैकी कशामुळेही वारस अपात्र ठरणार नाही असं सरळ लिहिलं. म्हणजे धाकट्याचा हिस्सा कुणी मेहेरबानीने दिलेला नाही, २०१६ च्याही आधीपासून तो त्याचाच आहे. आम्ही हे कलम शेवटी वाचणार होतो. त्याच्या प्रसंगानंतर ते आधी घेतलं.

पुढे काय झालं विचाराल तर फार काही नाही. सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे. थोरल्या वहिनीने त्याचं ताट वाढणं बंद केलं. तो आता आईच्या चुलीवर जेवतो, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मोठा भाऊ त्याच्याशी बोलत नाही. त्याचं बघून बहिणीनेही सही केली नाही. ती आता मला फोन करते आणि कलमांचे नंबर विचारते. ही गोष्ट एका कार्यक्रमात सांगितली तेव्हा टाळ्या पडल्या. तो माझ्या शेजारीच बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. भाऊ गेला त्याचा, टाळ्या कसल्या? हक्क शिकवणाऱ्यांनी ही किंमत आधी सांगायला हवी, आणि ती ज्याची त्याला ठरवू द्यायला हवी. भावाशी नातं टिकवायला एखाद्याने विचार करून सही केली असती, तर तोही त्याचाच निर्णय झाला असता. आम्ही वर्गात यावर भांडलो. निम्मे म्हणाले सही करायला नको होती, निम्मे म्हणाले भाऊ नको का. निकाल लागला नाही.

नंदुरबारहून एक मुलगी येते. तिचं दिव्यांगत्व दिसत नाही. तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा पाड्यांमध्ये हा आजार किती घरांत आहे, ते खान्देशात राहणाऱ्याला सांगायला नको. २०१६ च्या एकवीस प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले, तेव्हा तिला दाखला मिळाला. दुखणं उठलं की सांधे धरतात, ती दिवस दिवस पडून राहते. पण कलम ३४ मध्ये नोकऱ्यांसाठी जे गट दिले आहेत, त्यांत रक्ताचे आजार नाहीत. यादीत नाव आहे, वाट्यात नाही. ती हे कलम बोट ठेवून वाचते आणि दर वेळी तेच विचारते, "मावशी, दाखला कसाले देल शे मंग?" तिला काय सांगणार? शिक्षणात आहे, योजनांत आहे, बसपासात आहे, एवढी यादी मी देते. ती नम्रपणे ऐकते आणि पान उलटते. कायदा शिकणं म्हणजे त्यातल्या भोकांशीही ओळख होणं, आणि ते भोक आपल्याच नावाच्या जागी असलं की काय वाटतं, ते तिच्याकडे बघून कळतं.

कलम ९२ ला गंमत झाली. दिव्यांग व्यक्तीचा लोकांच्या नजरेसमोर जाणूनबुजून अपमान केला, धमकावलं, तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. हे वाचल्यावर वर्गात दिवाळी. 'येडं' म्हणणाऱ्यांची यादी सुरू झाली. चहावाला, रिक्षावाला, चुलतभाऊ, एक नगरसेवक. मग एकाने शंका काढली: घरात म्हटलं तर? कायदा म्हणतो, लोकांना दिसेल अशा जागी. म्हणजे घरात म्हटलं तर या कलमात बसणार नाही. मग ओट्यावर म्हटलं तर? यावर अर्धा तास गेला. ओटा घराचा की गल्लीचा? धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांतले ओटे ज्यांनी पाहिलेत त्यांना कळेल की हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या तोडीचा आहे. ओट्यावर बाया तांदूळ निवडतात, पोरं पत्ते खेळतात, जाणारायेणारा थांबून बोलतो. बहुमताने ठरलं की ओटा गल्लीचा. ज्याचे वडील त्याला ओट्यावर बसून 'येडं' म्हणतात त्याने हे घरी जाऊन सांगितलं. वडील आता आत येऊन म्हणतात.

कलम दहा बायकांनी वेगळं वाचलं. पुरुषांना बाहेर पाठवून, दार लावून. कुठल्याही दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होण्याची शक्यता संपवणारी शस्त्रक्रिया करता येणार नाही, असं ते म्हणतं. महाराष्ट्राला याचा इतिहास आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली. पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण दिलं गेलं. तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. आणि २००९ मध्ये चंदीगडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या सज्ञान स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही. तिला मूल हवं होतं. हे मी सांगितलं आणि गप्प बसले. मग एकेक जण बोलायला लागली. त्या दारामागे काय बोललं गेलं ते इथे येणार नाही. एवढंच लिहिते की त्या दिवशी दोघींनी मला पहिल्यांदाच एक साधा प्रश्न विचारला: आमचं लग्न होऊ शकतं का?

मतदानाचा विषय आम्ही २०२४ च्या विधानसभेआधी घेतला. बुद्धीच्या कारणाने मतदानाचा हक्क जातो तो सक्षम न्यायालयाने एखाद्याला मनोविकल ठरवलं तरच. डॉक्टरच्या दाखल्याने किंवा आईबापांच्या मताने जात नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याचं यंत्र केलं, निळी बटणं चिकटवली. उमेदवार म्हणून शेवभाजी, भरीत, मांडे आणि फौजदारी डाळ उभे केले. भरीत निवडून आलं; आमच्याकडे त्याची सीट सेफ आहे. पण एकाने मत देताना ओरडून सांगितलं तेव्हा धुळ्यातल्या देवपूरची एक मुलगी भडकली. मत गुप्त असतं, सांगायचं नसतं. तिला ते कलम फार लागलं होतं. आजवर यंत्रापाशी वडील तिच्यासोबत जायचे आणि बटण तेच दाबायचे. २० नोव्हेंबरला ती केंद्रावर म्हणाली, मी एकटी जाणार. अधिकाऱ्याने वडिलांकडे बघितलं, वडिलांनी अधिकाऱ्याकडे. ती तोवर आत गेली होती. घरी परतताना वडिलांनी रिक्षात विचारलं, कोणाला दिलंस? "सांगाव नही." जेवताना विचारलं. सांगाव नही. वडील एका पक्षाचे जुने कार्यकर्ते. त्यांनी मला फोन करून तक्रार केली, जसं काही मत मीच लपवून ठेवलं होतं. मला विचाराल तर त्या दिवशी जिल्ह्यातलं सगळ्यात गुप्त मतदान तेच.

याच मुलीने पुढचं काम काढलं. स्थानिक स्तर समितीत जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असावी, असं १९९९ चा कायदा म्हणतो. तिने विचारलं, ती दिव्यांग व्यक्ती कोण? वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. आमच्याबद्दल ठरवणाऱ्या समितीत आमचं माणूस बसतं आणि आम्हाला त्याचं नाव माहीत नाही, हे तिला चालेना. मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीन प्रश्न: समितीतली दिव्यांग व्यक्ती कोण, मागच्या वर्षी बैठका कधी झाल्या, आणि पालक नेमताना ज्याला पालक नेमायचा त्याला समोर बोलावून विचारलं का. तिसरा प्रश्न सगळ्यांनी मिळून घातला. सही तिची, पत्ता तिचा.

तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, त्याबद्दल कार्यालयाचं कौतुक. पाकिटावर वडिलांचं नाव होतं. वडील ते फोडणार इतक्यात तिने ओढून घेतलं: "पाकीट मनं शे." आत एकाच परिच्छेदात लिहिलेलं होतं की अर्जदार बौद्धिक दिव्यांग असल्याचं दिसून येत असल्याने अर्ज पालकांमार्फत सादर करावा. आता 'दिसून' कुठून आलं? अर्जात तिने तसं लिहिलं नव्हतं. वर्गात तर्क चालले. अक्षरावरून, असं शेवटी ठरलं. तिचं अक्षर मोठं आहे, ओळ चढत जाते. माझ्या कोर्टातल्या दोन वकिलांचं अक्षर याहून वाईट होतं आणि त्यांना कुणी पालक आणायला सांगितलं नाही.

पहिल्या अपिलाला तीस दिवस मिळतात आणि वीस रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं. स्टॅम्प तिने आणून ठेवलं आहे. मजकूर ती सांगते, मी टाइप करते. कलम तेरा घातलं, माहितीचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे हे घातलं. वडील चहा घेऊन येतात आणि उगाच घुटमळतात. परवा त्यांनी विचारलं, त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं तर मलाही दाखवाल का? तिने सांगितलं, बघू. सध्या अडलंय ते एका वाक्यावर. मी सवयीने 'मी सज्ञान आहे' असं टाइप केलं. तिला ते नको आहे. वर वय लिहिलंय, बत्तीस, मग परत कशाला सांगायचं, असं तिचं म्हणणं. मी म्हणते असू दे, अपिलात जोर येतो. ती म्हणते, तुमच्या अर्जात लिहिता का तुम्ही? शनिवारपर्यंत टपालात टाकायचं आहे.